मौनाचा सोमवार

मी बोलते, आणि चांगलं बोलते. हे स्वतःच्या तोंडाने सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, कारण ही एक गोष्ट मी कुणाकडून घेतलेली नाही, ती माझी कमाई आहे, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहूरजवळच्या एका खेड्यात वाढले. आबा जामनेरच्या बाजारात पोती वाहायचे, आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. तहसील म्हणा, बँक म्हणा, सरकारी दवाखाना म्हणा, जिथे खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायची वेळ यायची तिथे आबा मला पुढे करायचे. म्हणायचे, "तूच बोल माय, मले त्या साहेबाचं काही समजत नाही." शाळेत होते तेव्हापासून मी आमच्या घराचं तोंड आहे. त्याच तोंडाच्या जोरावर मी शिकले, मुलाखतीत भल्याभल्यांना मागे टाकलं आणि धुळ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले. वर्ग मोठा, डोक्यावर पंखे खडखडतात, मागच्या बाकांवर वेगळीच सभा भरलेली असते. पण माझा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा. माइक मी कधी मागितला नाही. तो मला कमीपणा वाटायचा.

तो आवाज गेला. एका दिवसात नाही गेला. आधी बसायला लागला, मग चिरका झाला. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, लवंग दाढेत धरून झाली. मी शिकवत राहिले. एक दिवस वर्गात मागणी आणि पुरवठा समजावत असताना वाक्याच्या मधोमध आवाज असा थांबला, जसा मोटारीचा पट्टा तुटल्यावर विहिरीचं पाणी थांबतं. मुलांना वाटलं मी मुद्दाम थांबले. पोरं चिडीचूप बसली, आणि मी फळ्यासमोर नुसती तोंड उघडून उभी.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. ते म्हणाले, "आता एकच औषध, पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो. आणि ओरडायचं तर अजिबात नाही. एकदा जरी जोरात ओरडलात आणि आत रक्त उतरलं, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, गाठी बसल्या नसतील तर ऑपरेशन करू, पण आवाज पहिल्यासारखा होईलच असं सांगता येणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. एरवी मला अशी माणसं आवडतात.

घरी बसून गप्प राहणं किती अवघड असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. गंमत म्हणजे माणूस बोलत नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं त्याला ऐकूही येत नाही. शेजारीण माझ्या कानाशी येऊन ओरडायची, "बरं वाटतंय का?" आमचे हे चहा हवा का म्हणून विचारायचे आणि उत्तराची वाट बघत दारात उभे राहायचे. गावाकडून फोन यायचा, मी उचलायची नाही, मग आबा काळजीने पुन्हा करायचे. सासूबाईंनी सरळ मार्ग सांगितला. म्हणाल्या, "देवाला साकडं घाल. आवाज परत दे म्हणावं." मी चिडले होते. पाठकोऱ्या कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं, "देवाने दिला नव्हता, तो परत काय देणार?" त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद घडी करून चुलीत घालण्याऐवजी देवघरात ठेवला. माझं देवाशी असलेलं भांडण त्यांनी योग्य ठिकाणी पाठवलं होतं, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी देव मानत नाही असं नव्हतं. सण करायचे, उपास करायचे. पण माझं आणि देवाचं नातं सोसायटीतल्या दूरच्या सभासदासारखं होतं. वर्गणी वेळेवर, बाकी काही संबंध नाही. आता मात्र मनात रोज एकच भीती बसलेली असायची. आवाज गेला तर नोकरी जाईल हे तर होतंच. त्याहून मोठी भीती अशी की, आवाज काढून घेतला तर मी म्हणून काय उरतं?

तपासणी मंगळवारी होती. आदल्या दिवशी मला घरात बसवेना. आमचे हे म्हणाले, "तुला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी एक दिवस जाऊन ये. कुणी विचारणार नाही, तुला सांगावं लागणार नाही. नुसती हवा खा." मला ते पटलं. इतकी वर्षं धुळ्यात राहून मी तोरणमाळ पाहिलं नव्हतं. दरवर्षी सहल ठरायची, दरवर्षी मोडायची. एकटीने, आरामात, डोंगरावर एक दिवस. मी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतला, छत्री घेतली आणि पहाटेच्या गाडीने निघाले. मी सहलीला निघाले होते. तो श्रावणातला सोमवार आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं. रजेवर असलं की सगळे वार सारखेच होतात.

शहाद्याला गाडी बदलली. तोरणमाळची बस भरली होती. बहुतेक बायका, हातात बेलाची पानं आणि नारळ, आणि काही डोंगरातली पावरा आदिवासी मंडळी टोपल्या घेऊन. कंडक्टर तिकिटाला आला. मी फोनवर 'तोरणमाळ' लिहून दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आजूबाजूच्या बेलाच्या पानांकडे पाहिलं, आणि एकदम आदराने विचारलं, "सोमवारनं मौन शे का, ताई?"

आमच्याकडे श्रावणी सोमवारी काही बायका मौन धरतात. महादेवाचं दर्शन होऊन संध्याकाळी उपास सुटेपर्यंत बोलत नाहीत. आणि ज्याचं मौन चालू आहे त्याचं मौन मोडू द्यायचं नाही, ही भोवतालच्यांची जबाबदारी असते. मोडलं तर दोष दोघांना. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. आता एवढ्या गर्दीत याला घशाच्या गाठी कुठे समजावत बसू, असा विचार करून मी सरळ मान हलवली. संपलं.

पण संपलं कुठलं. तिथूनच सुरू झालं. माझ्या शेजारी एक साठीच्या पुढची बाई बसली होती, काळा बुरखा, चेहरा उघडा, पायाशी बांगड्यांचा मोठा पेटारा. शहाद्याची मनियारीण. श्रावणात वर दर्शनाला बायका येतात, त्यांना बांगड्या भरायला ती दर सोमवारी जाते, हे पुढच्या काही मिनिटांत मला आणि सगळ्या बसला कळलं. तिला सगळे जैतूनखाला म्हणत होते. तिने माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली आणि त्या क्षणापासून माझी वकील झाली.

"इसको कुछ मत पूछो," तिने मागच्या बाईला बजावलं. "मौन शे हिचं. तू पूछेगी, ही भूलके जवाब देगी, मग पाप कुणाला? तुझ्याच डोक्यावर."

मागच्या बाकावर एक नाना आणि त्यांची बायको होती. त्यांना अख्खी बस अक्का म्हणत होती. नाना पुढे वाकून मला न्याहाळत बायकोला म्हणाले, "दख, दख जराशी. एक सोमवार तू बी धर. घरमा शांती व्हई."

अक्का म्हणाली, "पहिले तुम्ही धरा. मंग बठ्ठा गावमा शांती व्हई."

अख्ख्या गावाची शांती नानांवर आली तशी बस हसली. मीही हसले, पण आवाज न करता, आणि तसं हसताना पोटात कसं दुखतं ते मला नव्याने कळलं. बोलता आलं असतं तर मी नानांना बरोबर उत्तर दिलं असतं. त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलेलं उत्तर कधी वाया गेलं नव्हतं. ते एक उत्तर आलं, थोडा वेळ घुटमळलं आणि विरून गेलं. जगाचं काही अडलं नाही.

घाट सुरू झाला तशी बस गप्प झाली. वळणामागून वळण, खाली दरीत ढग, वर साग आणि बांबू, कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा. काच उघडी होती, गार वारा चेहऱ्यावर येत होता. खालाने बुरख्याच्या खिशातून वेलची काढून माझ्या हातावर ठेवली. "घाट में जी घबराता. तोंडात ठेव." मी ठेवली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. इथे माझ्याकडून कुणालाच काही ऐकायचं नव्हतं.

वर उतरल्यावर मी त्या सगळ्यांपासून सटकून तलावाकडे जाणार होते. पण माझी वकील कुठली सोडते. म्हणाली, "पहिले दर्शन. मौनवाली सबसे पहिले." देवळाच्या बाहेर तिने प्लास्टिकचा कागद बांधून दुकान मांडलं आणि आधी मलाच समोर बसवलं. माझा हात हातात घेऊन ती एकेक हिरवी बांगडी चढवत गेली. तिचे हात खरखरीत होते, पण बांगडी अशी सरकत होती की कातडीला कळू नये. शेवटी तिने ठरल्यापेक्षा एक जास्तीची भरली, आशीर्वादाची. आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करतात. मी वाकले. तिने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अंदर जाके माँग ले बेटी. जो तोंडाने बोलत नाही ना, त्याचं वर लवकर ऐकू जातं."

मी आत, महादेवाचा अवतार मानल्या जाणाऱ्या गोरक्षनाथांच्या समोर जाऊन उभी राहिले. धुनीचा वास, ओल्या कपड्यांचा वास, बेलाचा वास. मागायचं काय ते ठरलेलंच होतं. हात जोडले आणि मनात सुरुवात केली. सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात अर्ज वाचते आहे. महोदय, माझी परिस्थिती अशी, मी इतकं कष्टाने मिळवलं, माझी चूक नसताना हे झालं, तरी योग्य तो विचार व्हावा. मुद्देसूद, कुठे एक शब्द इकडचा तिकडे नाही. देवासमोरसुद्धा मी खिडकीपाशी उभी होते, पलीकडच्या साहेबाला पटवत होते. इतके दिवस तोंड बंद होतं, पण मी गप्प एक क्षणभरही झाले नव्हते.

तेवढ्यात अक्का शेजारी आली. तिने माझं मनगट धरलं, हलकेच, आणि कानाशी म्हणाली, "मन्हं बी एक सांगी ठेव, माय." काय ते तिने सांगितलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "त्याले मालूम शे." आणि डोळे पुसत बाहेर गेली.

आता आली का पंचाईत. आपलं मागणं मला मांडता येत होतं, पण जे मला माहीतच नाही ते मांडायचं कसं? शब्दच नव्हते. मी नुसती त्या बाईला मनात धरून उभी राहिले. तिचा ओला हात, तिचे डोळे. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझा अर्ज मध्येच कुठेतरी सुटला होता आणि तो पुन्हा उचलावा असं वाटलं नाही. बाहेर आले तेव्हा आत मी आवाजासाठी काही मागितलंच नाही हे लक्षात आलं. परत जाऊन मागावं का? नको वाटलं. भूक लागली होती.

पुढची दुपार फार सुंदर गेली. तलावाच्या काठाने चालले. एका पावरा बाईकडून भाजलेलं कणीस घेतलं. तिला मराठी बेताची येत होती आणि मला पावरी अजिबात नाही, त्यामुळे आमचा व्यवहार बोटांनी आणि हसण्याने झाला. त्या व्यवहारात मी तिच्याहून एका शब्दानेही श्रीमंत नव्हते. तलावाच्या पलीकडे जाऊन, पायवाट सोडून, एका मोठ्या दगडावर बसले. ठेचा-भाकरी खाल्ली. समोर दरी, तिच्यात ढग वरखाली होत होते. परत जायची बस कधी ते कंडक्टरने सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. भरपूर वेळ होता. पाय पसरून, छत्री उशाला घेऊन मी पडले, आणि मला झोप लागली. दिवसाढवळ्या, उघड्यावर, अनोळखी डोंगरात. माझ्यासारख्या बाईला.

जाग आली तेव्हा जग पांढरं होतं. धुकं असं दाटलं होतं की हात लांब केला तर बांगड्या दिसाव्यात, बोटं दिसू नयेत. आधी मला गंमत वाटली. मग घड्याळ पाहिलं आणि उठून उभी राहिले. तलाव कुठल्या बाजूला ते कळेना. चार पावलं टाकली तर पायाखालून दगड सुटला. तो खाली गेला आणि बराच वेळ कुठेच आपटल्याचा आवाज आला नाही. मी होते त्या जागी बसले.

मग दूर कुठेतरी बसचा हॉर्न वाजला. एकदा, पुन्हा एकदा. धुक्यात आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. ती शेवटची बस होती. फोनला रेंज नव्हती. आणि माझ्याजवळ, देवाच्या दयेने म्हणा किंवा माझ्या कमाईने म्हणा, असा एक आवाज होता जो शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा. एक हाक. "थांबा!" एवढंच. कुणी ना कुणी ऐकलं असतं.

मी हिशोबी बाई आहे. दरीच्या काठावर बसून मी हिशोब केला. आवाजाशिवाय जगता येतं, जीवाशिवाय नाही. डॉक्टरांचे शब्द पुरते आठवले आणि तरीही मी ठरवलं. ओरडायचं. उभी राहिले, छातीत श्वास भरला, तोंड उघडलं. ज्या गोष्टीवर मी उभी होते ती गोष्ट मी त्या क्षणी हातातून सोडून दिली होती. मनात म्हटलं, घे बाबा, जाऊ दे.

आणि घंटा वाजली.

देवळातली घंटा. मी श्वास तसाच धरून थांबले. वाटलं कुणी दर्शनाला आलं असेल. पण ती थांबेना. एक ठोका, मग थोडं थांबणं, मग पुन्हा ठोका. आरतीची घंटा अशी वाजत नाही. ही कुणीतरी कुणासाठी तरी वाजवत होतं. हॉर्नसारखी ती चारी बाजूंनी येत नव्हती. थांबत थांबत वाजत असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला दिशा पक्की करता येत होती. मी भरलेला श्वास हळूच सोडला. छत्रीचं टोक पुढे टेकवत, आधी जमीन चाचपत, मी एकेक पाऊल टाकलं. ठोका आला की पाऊल, ठोका नसला की थांबायचं. दगड गेले, चिखल लागला, मग गवत, मग पायवाट. तलावाचं पाणी उजव्या हाताला चुळबुळताना ऐकू आलं. मी चालत राहिले. घंटा वाजत राहिली.

देवळापाशी पोचले तर नाना खांबाला टेकून धापा टाकत होते आणि त्यांच्या जागी कंडक्टर घंटा वाजवत होता. मला पाहून त्याने हात खाली सोडला. "आल्या ताई," तो म्हणाला, आणि पायरीवर बसलाच. पलीकडे बस उभी होती. जैतूनखाला बसच्या दारात एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभी होती. ड्रायव्हर कातावलेला. "मावशी, आता तरी वर या. घाटात अंधार पडेल."

"आती बाबा, आती," खाला म्हणाली. "मेरी एक टांग नीचे थी म्हणून तो तू रुका."

सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्यातून मला कळलं ते असं. बस निघताना खालाच्या शेजारची जागा रिकामी दिसली. मौनवाली ताई कुठंय, अशी चौकशी झाली. कंडक्टर हाका मारायला निघाला होता. खालाने त्याला अडवलं.

"हाक मारके क्या करता?" ती मला पुन्हा समजावून सांगत होती. "तू बोलावशील, तो वो जवाब देगी ना? आदमी का जी घबराया तो आवाज निकलतीच. मग दिवसभराचं मौन पाण्यात. मैंने बोला, हिला काही विचारूच नका. घंटा बजाओ नाना. जिंदा है तो आवाजपे आ जाएगी. उसको बोलना नै पडेगा."

नाना दम खात म्हणाले, "हात भरी गया मना. पन तुन्हं मौन नही मोडू दिनं."

मी तिथेच बसले आणि रडले. आवाज न करता. खालाने माझं डोकं आपल्या बुरख्याला टेकवलं, आणि बसमधल्या कुणीही मला काय झालं म्हणून विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच ना.

बस सुटली. आता मला गप्प बसवेना. मी खोटी आहे असं वाटायला लागलं. मी फोनवर लिहिलं, की माझं व्रत वगैरे काही नव्हतं, घशाला गाठी आहेत, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, ओरडले असते तर आवाज कायमचा गेला असता, तुम्ही वाचवलात, आणि सकाळी मी नुसती मान हलवली त्याबद्दल माफ करा. फोन कंडक्टरला दिला आणि खुणेने सांगितलं, मोठ्याने वाच. त्याने वाचलं.

अक्का मागून म्हणाली, "मंग मन्हं सांगनं का नही?"

मी मागे वळून तिचा हात धरला आणि मान हलवली. सांगितलं. तुझं मात्र सांगितलं.

"मंग झालं," अक्का म्हणाली आणि टेकून बसली.

खाला खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "डॉक्टरने बोला, तूने रखा. किसके बोलने से रखा, उसमें क्या है. रोजा भी आदमी पहिले दिन अम्मी के डरसे रखता." मग पेटाऱ्यावर डोकं टेकवून ती झोपून गेली. शहादा आल्यावर मी तिचा पेटारा खाली उतरवायला हात लावला. तिने माझ्या हातातल्या बांगड्या एकदा मोजल्यासारख्या फिरवल्या. एकही फुटली नव्हती. "अच्छी भरी थी मैंने," ती स्वतःशीच म्हणाली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. तिचा पत्ता मी विचारू शकले नाही. नंतरच्या सोमवारी गेले तेव्हा तलावाकाठी धुकं नव्हतं, ऊन होतं, आणि खाला त्याच जागी बसून एका नव्या नवरीशी दरावरून भांडत होती.

त्या दिवसाचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. शिकलेल्या माणसाला ती खोड असते. एका कंडक्टरचा गैरसमज झाला म्हणून मी वाचले, असंही म्हणता येईल. सकाळी मी खरं सांगितलं असतं तर मी एक आजारी प्रवासी राहिले असते. रिकामी जागा कुणाच्या ध्यानात आली असती की नाही कोण जाणे. आली असती, तर त्यांनी हाका मारल्या असत्या आणि मी ओ दिली असती. जे व्रत मी धरलं नव्हतं ते एका बसभर लोकांनी माझ्यासाठी सांभाळलं, आणि सांभाळणाऱ्यांतली पहिली होती रोजे धरणारी एक बाई. यात नाथांचा हात होता का, हे मी कुणाला पटवायला जाणार नाही. पटवण्याचं काम मी इतकी वर्षं केलं आहे, त्याचा मला कंटाळा आला आहे. एवढं मात्र सांगते. मी समजत होते की आपण बोलल्याशिवाय आपलं कुणाला कळत नाही. मोठ्याने बोलावं, मुद्देसूद बोलावं, तरच खिडकी उघडते. त्या धुक्यात माझ्याकडून एका शब्दाचीही अपेक्षा न करता मला बोलावणं आलं. मला फक्त पाऊल टाकायचं होतं. आणि तेही हातातलं सगळं सुटल्यानंतर.

मंगळवारी डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. बराच वेळ पाहिलं. गाठी चांगल्या बसल्या आहेत म्हणाले, ऑपरेशनची गरज त्यांना दिसत नव्हती. "विश्रांती नीट घेतलेली दिसते," एवढंच त्यांचं निदान. मला ते पुरेसं होतं. हळूहळू बोलायला लागा म्हणाले, वर्गात माइक वापरायचा, त्यावर वाद नको. मी मान हलवली. वाद घालायचं मनातही आलं नाही.

मग ते म्हणाले, "बोला बघू काहीतरी. एकच शब्द. सावकाश."

जिला कधी शब्दांची वाण पडली नाही ती मी, त्या खुर्चीत बसून काय बोलू ते मला सुचेना. आबा आठवले, घर आठवलं, वर्ग आठवला. पण कानात एकच गोष्ट वाजत होती, थांबत थांबत, आणि तिला मी अजून उत्तर दिलेलं नव्हतं. तोंड उघडलं. आवाज घोगरा होता, जेमतेम टेबलाच्या पलीकडे पोचेल एवढा.

मी म्हटलं, "आले."